अडलेली ओळ

ती. आई,
कोरीटहून तुमच्या सुनेचा, कामिनीचा नमस्कार.

तुमचा हेमकांत गेल्यापासून घरात रेडिओ लावलेला नाही. वर्षभर गाणं नाही, हा आपल्याकडचा नेम मी पाळते. तरी तुमच्यापासून लपवलेलं एक सांगते.

सकाळी कापूस वेचायला मी केळीच्या बागेतून पायी जाते. पानांवरून दव ठिबकत असतं, एक भारद्वाज कुंपणाकुंपणानं माझ्यापुढे चालतो. तेवढ्या वाटेवर जीव हलका होतो, आणि त्याचीच मला लाज वाटते.

परवा शेजारच्या दगूबाईंनी वेचता वेचता गाणं धरलं आणि मधेच अडल्या. पुढची ओळ माझ्या तोंडून आपोआप निघाली. मी ओठ आवळले तर म्हणाल्या, "म्हन ना वं, आठे कोन आयकी ऱ्हायनं?" ऐकायला तिथे खरंच कोणी नव्हतं. मग कापसानं ओटी भरेपर्यंत आम्ही दोघी गात होतो. मला रडू आलं, पण गाणं थांबलं नाही.

आई, ते गाणं तुमचं होतं. पाळण्याजवळ तुम्ही म्हणायच्या ते. मला ह्यांनीच शिकवलं होतं.

हे पत्र मी टाकणार नाही. सुरतेला ते तुम्हाला भाऊजी वाचून दाखवतील, आणि त्यांच्यापुढे तुम्हाला रागवावंच लागेल. त्यापेक्षा उद्या वावरातून तुम्हाला फोन लावीन आणि काही न बोलता दगूबाईंकडे धरीन. त्या परत त्याच ओळीला अडल्या, तर या खेपेला मी गप्प राहीन. ती ओळ तुमच्या तोंडून यायची वाट पाहीन.

तुमची,
कामिनी