तांबूल कुणी घेतलं

३ जुलै १९५६, मंगळवार. तंजावर

उत्तर आलं! करार आणखी तीन वर्षं वाढवायला ईपोची शाळा तयार आहे. अटींचं मात्र "समक्ष बोलू". शाळेचे सेक्रेटरी गुरुमूर्ती घर बांधायला म्हणून पापनाशमला आलेत, तिथं या म्हणतात. जाऊ की! गेल्या खेपेला जे पुढं आलं ते घेतलं – पगार, बोटीचं तिकीट, मुलींच्या हॉस्टेलात एक खोली आणि दीड वर्षानं दोन महिने घरची रजा. विधवा बाईला मलायात इंग्रजी शिकवायला बोलावतात, हेच तेव्हा आकाशाएवढं वाटलं होतं. आता तीन वर्षं माझ्या वर्गाचे निकाल त्यांनी पाहिलेत.

या वेळी मला एकच हवं. माझी लेक, कनका, माझ्याबरोबर. तिचं तिकीट, तिची शाळा आणि आम्हा दोघींना हॉस्टेलबाहेर दोन खोल्या. बाकी काही नाही मिळालं तरी चालेल.

५ जुलै

अण्णाला सांगितलं. थोरला भाऊ, कलेक्टर कचेरीत कारकून – कुठल्याही अर्जावर लगेच शेरा मारायचा नाही ही कचेरीतली सवय घरीही आहे. बराच वेळ सुपारी कातरत बसला. मग म्हणाला, "नागूला विचारलंस?"

नागू म्हणजे वहिनी, नागलक्ष्मी. हे गेले तेव्हा कनका वर्षाची होती. अण्णानं मला मद्रासला बी.ए.ला घातलं, मग मास्तरकीच्या एल.टी.ला, आणि पोर वहिनीपाशी राहिली. वहिनीला मूलबाळ नाही. कनका तिला अम्मा म्हणते आणि मला ईपो-आई. कुणी शिकवलेलं नाही, तीच म्हणायला लागली. मी तिची आई हे तिला पक्कं ठाऊक आहे. पण आधी गावाचं नाव, मग आई! दर वेळी ऐकलं की काहीतरी टोचतं.

वहिनीला विचारलं. ती वडे तळत होती. "तुझी लेक, तू ने." एवढंच, आणि झारा परत कढईत. मला ते खरं वाटलं नाही.

८ जुलै, रविवार

पापनाशमला जाऊन आलो. अण्णा बरोबर – कारण बाईमाणसानं आपली बोलणी आपण करायची नसतात! दारापुढच्या ओट्यावर, तिण्णैवर, चटई घातलेली. अण्णा आणि गुरुमूर्ती समोरासमोर, मी मागं खांबाला टेकून. मुलगी दाखवायला आणावी तशी. आणि गुरुमूर्ती विचारणार ते अण्णाला – तंगच्चीची काय अपेक्षा आहे? धाकट्या बहिणीची म्हणजे माझी. तंगच्ची तीन हातांवर बसलेली!

शेवटी मी मागूनच इंग्रजीत सुरुवात केली. इंग्रजी कानावर पडताच गुरुमूर्ती ताठ बसले आणि मिसेस राव म्हणायला लागले. मग बोलणं मार्गी लागलं. म्हणाले, करारात शिक्षकाची पत्नी आणि मुलं असं आहे. शिक्षिकेचं मूल न्यायचं का, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. मी म्हटलं, आता विचारलंय. ईपोला शाळेच्या मंडळींना तार करतो म्हणाले.

परतीच्या गाडीत अण्णा म्हणतो, "ताकाला जाऊन भांडं लपवू नये हे कबूल. पण तू तर भांडं त्यांच्यासमोर आपटलंस." मला हसू आलं. त्यालाही आलं असावं, पण खिडकीकडे तोंड फिरवलंन.

१० जुलै

तार नाही. कनकाला इंग्रजी वाचायला बसवलं. उच्चार थेट माझे. मान तिरकी करून ऐकणं मात्र वहिनीचं.

१४ जुलै, शनिवार

झालं. सही केली!

सकाळी गुरुमूर्तींचा माणूस निरोप घेऊन आला. तार आलीय, मुलीला परवानगी, पण – या 'पण'ची मी वाटच पाहत होते. मुलीचं तिकीट आणि दोन खोल्या द्यायच्या तर मधली दीड वर्षाची रजा सोडायची. तीन वर्षं सलग. अण्णा म्हणाला, विचार कर. आणि त्याच दमात म्हणाला, परवा आडी महिना लागतो, आडीत शुभ बोलणी करत नाहीत, तेव्हा काय तो विचार आजच कर.

मी विचार कसला करणार? रजेत मी धावत यायची ती कुणासाठी? कनका जवळ असली की तंजावरात माझं काय अडलंय? दुपारी पापनाशमला जाऊन सही केली. पदरात पडलं आणि पवित्र झालं.

एक गोष्ट लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. बोलणी पुरी झाल्यावर गुरुमूर्तींची बायको विशालाक्षी ताट घेऊन बाहेर आली – विड्याची पानं, सुपारी, नारळ. इथं लग्न ठरो नाहीतर जमीन विको, तांबूल दिल्याशिवाय शब्द पक्का होत नाही. ती सरळ माझ्याकडे आली, माझं कपाळ पाहिलं आणि वळली. ताट अण्णापुढं ठेवलं. अण्णानं घेतलं. सही माझी, तांबूल अण्णाला! दहा वर्षांत अशी ताटं पुष्कळदा वळलेली पाहिलीत. तरी आज लागलं.

असो. कनका माझ्याकडे येणार. हे वाक्य पुन्हा एकदा लिहावंसं वाटतंय. कनका माझ्याकडे येणार.

२१ जुलै

वहिनी पेटी भरते आहे. दोन नव्या पावडै – परकर – शिवून घेतल्या, अप्पळम लाटून झाले, तळणाचे वडाम वाळत घातलेत. मला वाटलं होतं रुसेल, आजारी पडेल, अण्णाकरवी काहीतरी आडवं घालील. काही नाही. काल विचारलं ते एवढंच, की तिकडं डोकं न्हायला शिकेकाई मिळते का. मिळते म्हटलं. तरी दोन डबे भरून ठेवले.

मला तिचा राग येतो. इथं लिहायला हरकत नाही – देवनागरी या घरात बाबांनी एकट्या मला शिकवली, बाकीची तमिळच वाचतात, ही वही वाचणार कोण? तिनं भांडावं असं वाटतं. भांडली असती तर मला जिंकता आलं असतं.

कनका पेटीभोवती घुटमळते. आज स्वतःच आपली पाटी आणि पल्लांगुळी खेळायच्या कवड्या आत ठेवल्यान.

२ ऑगस्ट, गुरुवार. आडी अठरा

आडीच्या अठराव्याला नदी पुजायची म्हणून सगळी तिरुवैयारुला गेलो होतो. कावेरी दोन्ही काठ भरून. घाटावर पाय ठेवायला जागा नाही, बायकाच बायका. वहिनीनं नदीची पूजा केली, कनकाच्या मनगटाला पिवळा दोरा बांधला. मी वरच्या पायरीवर बसून होते. पूजेत माझं काम नसतं.

मग पानांवर चिंचेचा भात, लिंबाचा भात, दहीभात. खाता खाता कनकानं विचारलं, "ईपो-आई, अम्माला बघायला परत कधी यायचं?"

मी सांगितलं, तीन वर्षांनी.

"मधे तू आलीस की मागं. तसं?"

या वेळी मधली रजा नाही, म्हटलं. का नाही, ते तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगणार होते – तुझ्या तिकिटापायी दिली? तिनं पानातला उरलेला भात माशांना टाकला आणि हात धुऊन आली. वहिनी दुसरीकडेच पाहत होती.

४ ऑगस्ट

कनका धड जेवत नाही, बोलत नाही. वहिनीचा पदर मुठीत धरून झोपते. अकरा वर्षांची घोडी! आधी मला रागच आला. मग पाहत उभी राहिले तेव्हा राग कुठं गेला कळलं नाही. त्या दीड वर्षानंतरच्या रजेत वहिनीला तिची पोर दिसली असती. माझी समजून मी सोडली ती रजा त्या दोघींची होती.

तिला नाही यायचं. उघड आहे. न्यायची तर ओढून न्यावी लागेल.

६ ऑगस्ट, सोमवार

अण्णा कचेरीत गेल्यावर एकटी बसनं पापनाशमला गेले. घरात कुणाला सांगितलं नाही.

गुरुमूर्ती गवंड्यांशी बोलत उभे होते. मी म्हटलं, दोन खोल्या नकोत. आम्ही हॉस्टेलच्या एका खोलीत राहू. पण मधली रजा परत द्या, दोघींची. ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. मूल किंवा रजा, म्हणाले, दोन्ही डगरींवर पाय ठेवता येत नाही. आणि आता बोलून उपयोग काय? करार झाला, तांबूल झालं. शिवाय आडी चालू आहे, नवी बोलणी कसली करता?

कुठून सुचलं देव जाणे. मी म्हटलं, "नवी नाहीत. जुनीच अजून पुरी झालेली नाहीत. तांबूल मी घेतलेलं नाही."

त्यांना कळेना.

"माझ्या भावानं घेतलं. त्याला पाठवायचं असेल शिकवायला तर तो बांधील आहे. माझ्या हातात कुणी काही दिलेलं नाही."

हे तमिळमध्येच बोलले, दारात उभ्या विशालाक्षीला कळावं म्हणून. गवंडीसुद्धा थांबले. गुरुमूर्तींनी त्यांना अर्ध्या भिंतीकडे बोट करून कामाला लावलं. मग म्हणाले, "दोन्ही मला खरोखरच देता येणार नाहीत. पण एक बदलता येईल. मूल की रजा? आत्ता सांगा, आज तार करतो."

मुठीत धरलेला पदर डोळ्यांपुढं आला. मी म्हटलं, रजा.

त्यांनी करारातली कनकाची ओळ खोडली, खोल्यांची खोडली, रजेची परत लिहिली. शेजारी माझी सही. आणि मी उठणार तेवढ्यात विशालाक्षी ताट घेऊन आली. आली ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. नवऱ्याकडे पाहिलं नाही. पानं, सुपारी, नारळ माझ्या ओंजळीत दिला. आडीत, आणि विधवेच्या हातात!

बसमध्ये रडले. मांडीवर नारळ, शेजारी कोंबड्यांची पाटी घेतलेली बाई, आणि मी रडतेय. कनकासाठी रडले की त्या नारळासाठी, ते माझं मला सांगता येणार नाही.

७ ऑगस्ट

संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं. अण्णा म्हणाला, "मला न विचारता?" मी म्हटलं, तांबूल दाखवू? त्यानं सुपारीचा डबा पुढं ओढला. वहिनी आधी ऐकत राहिली, मग चुलीपाशी खाली बसली आणि हुंदके देऊन रडली. अण्णाही घाबरला. इतक्या दिवसांत तिनं एक टिपूस काढलं नव्हतं. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं माझे हात धरले, ते पिठानं भरले. म्हणाली, "पेटी भरताना रोज एक वस्तू मुद्दाम विसरत होते, चंद्रा. उद्या भरायला उरावी म्हणून." तिच्यावर राग धरून बसले होते मी. लाज वाटली.

कनका खांबाला टेकून ऐकत होती. "सरि" – बरं – म्हणाली आणि अंगणात गेली. सुटल्यासारखं वाटलं असणार तिला. मलाही थोडं वाटलं. आईनं एवढं तरी करावं.

१२ ऑगस्ट

कनकाची पेटी अजून भरलेलीच आहे. वहिनी रिकामी करायला गेली तर हात लावू देत नाही. पोरंच ती.

१६ ऑगस्ट, गुरुवार. नागपट्टणम

बोटीवरून लिहिते आहे. सगळी पोचवायला आली होती. बोटीकडे नेणाऱ्या होडीत चढायच्या आधी कनकाला जवळ घेतलं. म्हटलं, तुला अम्मापाशीच राहायचं होतं ना, तसंच केलं बघ मी.

तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "येत नाही म्हणून मी कधी सांगितलं? परत कधी यायचं, तेवढंच विचारलं की."

होडीवाला हाका मारत होता. घरी सगळ्यांना सांगितलं त्या संध्याकाळी ती खांबाला टेकून उभी होती. मी अण्णाशी बोलले, वहिनीशी बोलले.