अधिक सहा

साखरा, २०२१

१८ एप्रिल
स्वतःच्या हातानं बनवलेल्या वस्तू: कडबा कापायचं मशीन. गिरणीचा स्टार्टर. घरातला कूलर (पत्रा माझा, मोटर भंगारातली). आणि आता कुकरला नळी जोडून वाफेचं यंत्र. कुणाकडं शिकलो नाही. कोरोना आपल्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. उद्या लेकीचं, शीतलचं, डोहाळजेवण. सातवा महिना. माणसं फक्त दहा.

१९ एप्रिल
माणसं चाळीस. सगळ्यांना दारातच वाफ दिली. शीतलच्या हातांवर काळी मेंदी, नखांसकट.

२४ एप्रिल
शीतलला ताप. उन्हाचा. गावच्या आशा सेविका नीलाबाईंनी टेस्ट केली. पॉझिटिव्ह. ऑक्सिमीटर ठेवून गेल्या. रीडिंग त्र्याण्णव. मोबाईलवर वाचलं, मेंदीनं रीडिंग कमी येतं. मग बायकोचं, रुक्माचं, एक बोट मेंदीचं आणि एक कोरं एकेकदा मोजलं. फरक सहा. म्हणजे शीतल नव्व्याण्णव. संध्याकाळी नीलाबाई परत आल्या, म्हणाल्या, भाऊ, पोटुशी बाई हाय, दवाखान्यात काहून नेत न्हाई? त्यांना हिशेब समजावून सांगितला. त्यांचं शिक्षण कमी.

२६ एप्रिल, सकाळ
एक्याण्णव अधिक सहा. सत्त्याण्णव. शीतल म्हणते, बाबा, दम लागून राहिला. सातव्यात लागतोच, रुक्मालाही लागायचा. रुक्मा म्हणाली, तुमी तव्हा मोटर खोलून बसले व्हते, तुमाला काय माहीत.

२७ एप्रिल
एकोणनव्वद अधिक सहा. पंच्याण्णव. नॉर्मल. शीतल म्हणते, कालपासून लेकरू हललं न्हाई. वाफेचा गुण. निवांत झोपलं असेल. संध्याकाळी पुन्हा वाफ.

२८ एप्रिल
जावई भीमराज न सांगता आले. शीतलला गाडीत घालून हिंगोलीला आणलं. सोनोग्राफी झाली. लेकराचे ठोके नाहीत.
डॉक्टरीणबाईंना मेंदीचं सांगितलं. त्यांनी मशीन शीतलच्या कानाच्या पाळीला लावलं. शहाऐंशी. बोटाला लावलं. शहाऐंशी.

२९ एप्रिल
मुलगी होती. शीतलला ऑक्सिजन लावलाय. ती वाचेल म्हणतात.

३० एप्रिल
शीतल माझ्याकडं बघत नाही. रुक्मा बघते, ते जास्त वाईट.
सव्वीसच्या संध्याकाळी शेजारच्या नासेरभाईंनी जीप दारात आणून लावली होती. म्हणाले, भाऊ, लेकीला हिंगोलीला पोचवतो, डिझेलपुरते आठशे द्या, नसले तर तेबी राहू द्या. मी म्हणालो, गरज नाही, सत्त्याण्णव आहे.
आठशे रुपये.