सुटणारी क्लिप

चिकलठाणा, औरंगाबाद
८ एप्रिल १९९९

प्रिय त्रिंबक,

घडलं ते आधी क्रमानं लिहिते. यात माझं मत नाही.

१. सोमवारी गंगापूरला आमच्या शेतावर तारेच्या क्लिपची चाचणी झाली. पश्चिमेच्या बांधावरची तार मधोमध तोडली आणि आपल्या क्लिपनं जोडली.

२. ट्रॅक्टरला बांधून ताण दिला. तार खांबापाशी तुटली. क्लिप जागची हलली नाही.

३. मग दुसऱ्या तारेवरची क्लिप मी एकटीनं उघडली आणि परत लावली.

४. जालन्याचे खरेदीदार उभे राहून सगळं पाहत होते. बियाण्यांच्या प्लॉटांना ते कुंपणं घालून देतात. क्लिप त्यांना पसंत पडली.

५. त्यांची एक अट आहे. क्लिपच्या जिभेवर रिव्हेट मारून ती कायमची बंद करायची. एकदा लावलेली क्लिप कुणालाही सोडता येता कामा नये.

६. ड्रॉइंगवर तुझं आणि माझं, दोघांची नावं आहेत. मी म्हणाले, विचार करून सांगते.

ड्रॉइंगवरून तुझं नाव काढून टाक, असं तू जानेवारीतल्या कार्डात लिहिलं होतंस. मी ते काढलेलं नाही. सोनाजीबाबांचा पाय मोडला म्हणून तू वाळूजची नोकरी सोडून मेंढरांमागं गेलास, तेव्हा दोन महिन्यांत येतो म्हणाला होतास. नंतरचं कार्ड आलं ते चार ओळींचं. पाय वाकडा बसला, आई एकटी पडते, आता येणं व्हायचं नाही, नाव काढ. चार वाक्यं आणि एकाचंही कारण पुढच्याला जोडलेलं नाही. वर्गात तू असं ड्रॉइंग दिलं असतंस तर मापं कुठायत म्हणून परत आलं असतं. हे पत्र देवगाव रंगारीला वच्छलाबाईंच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकते आहे. कळप त्या बाजूला आला की तू तिथं मीठ घ्यायला येतोस, एवढंच मला माहीत आहे.

सोमवारपासून माझं एका जागी बसणं बंद झालं आहे. शेडमध्ये टेबलापाशी बसते, पेन्सिलीला टोक काढते, उठते. प्रेसपाशी जाते, तिथं काही काम नसतं. किनार साफ झालेल्या क्लिपा परत कानशीनं घासते. परवा लेथवरून बन्सी ओरडला, ‘ताई, क्लिप करायलाव का सुई? आजून चार हात मारा, मंग गोधड्या शिवू.’ मी हसले, आणि कानस खाली ठेवल्यावर हातात काय घ्यावं तेच कळेना. सिटी बसमधून जाताना खिडकीची काच खडखडते, ती कशानं घट्ट बसेल याचा विचार करत राहते. सगळीकडं काहीतरी सैल आहे असं वाटत राहतं.

तू गेल्यावर क्लिपमध्ये काय बदल झाले, ते तुला कळायला हवं. आपली पहिली क्लिप दातांची होती, आठवत असेल. तार ओढली की दात रुतायचे. पकड उत्तम होती, पण रुतले तिथंच तारेवरचं जस्त निघायचं, गंज धरायचा आणि पावसाळ्यानंतर नेमकी तिथंच तार तुटायची. दात काढून टाकायचं आपण दोघांनी एकाच दुपारी ठरवलं. आधी कोण म्हणालं, यावरून नंतर भांडलोही. मेंढरांभोवती लावायच्या जाळीची, वाघरीची दोरी खुंटीला वेढे घेऊनच थांबते, तिला चावायला लागत नाही, असं तू म्हणालास. वेढ्यांचं घर्षण किती भरेल ते गणित मी केलं. मग तारेला क्लिपच्या आत नागमोडी वाट दिली. तार जितकी ओढावी तितकी वळणांवर आवळते, आणि तिला ओरखडाही उमटत नाही. वरची जीभ नुसती झाकणासारखी. तार जरा सैल केली की ती उचलते आणि तार बाहेर येते.

आणि मग त्या एका शब्दानं आपले कितीतरी आठवडे खाल्ले. करमाडला एका शेतात तुमची मेंढरं बसली होती, तिथं तुझ्या आईच्या, बानामावशींच्या हातात आपण क्लिप दिली. त्यांनी तार लावली, काढली, परत लावली आणि म्हणाल्या, ‘व्हय, सुटती की!’ मी लिहून घेतलं : सुटते. म्हणजे नापास. परत येऊन मी जीभ जाड केली, स्टीलला कडक पाणी दिलं, जिभेला खाच पाडली. कडक पाण्यानं दोन जिभा तडकल्या तरी मी मागं हटले नाही. नवी क्लिप घेऊन आपण पुन्हा गेलो. मावशींनी ती दोन्ही हातांनी ओढून पाहिली, दातांनीसुद्धा पाहिली, आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, ‘आगं वैजंता, चांगली सुटत व्हती लेकराची जात! म्हून तर मी बरी म्हन्ले. आता कामून तिचं थोबाड शिवलंस?’ तू तिथंच मातीत बसलास आणि पोट धरून हसत राहिलास. मला राग आला होता. राग कशाचा ते तेव्हा सांगता आलं नाही. तुला त्या शब्दाचा अर्थ पहिल्या दिवशीच कळायला हवा होता, त्याचा असावा. तूही माझ्याइतकाच शिकलेला असल्यामुळं तुलाही तो कळला नव्हता.

मावशींना आवडलेली ती पहिली, सुटणारी क्लिप आमच्या शेतावर नेली तेव्हा नाना म्हणाले होते, ‘सुटती म्हनं! मंग सुतळी काय वाईट हाय?’ तुमच्याकडं सुटणं ही शाबासकी, आमच्याकडं ती तक्रार. क्लिप एकच, आणि दोन्ही घरांत तिनं चालायला हवं होतं.

खरं तर एके काळी आमच्याकडंही ती तक्रार नव्हती. मी लहान असताना उन्हाळ्यात रान मोकळं झालं की सोनाजीबाबांचा कळप खतासाठी आमच्या वावरात बसायचा. नाना स्वतः निरोप धाडायचे, जाताना ज्वारी द्यायचे, पुढच्या वर्षी कपाशी कशी येते बघ म्हणायचे. मग रानडुकरं वाढली आणि नानांनी चहूकडून तार घातली. पहिल्या वर्षी कळप आत घ्यायला त्यांनी स्वतःच तार तोडली आणि नंतर पिळे देऊन जोडली. पिळे सैल पडले, डुकरं त्याच जागेतून आली. दुसऱ्या वर्षी निरोप गेला नाही. तिसऱ्या वर्षी कुणाच्या तरी मेंढरांसाठी कुणीतरी रातोरात तार तोडली, आणि नाना तेव्हापासून काठी घेऊन बांधावर फिरतात. मेंढरं बसवायची नाहीत असं कुणीच ठरवलं नव्हतं. तार उघडता येत नव्हती, एवढंच झालं. तू हे एकदा कॅन्टीनमध्ये अगदी सहज सांगितलंस, बशीतला चहा फुंकत. कुंपणाला दार करता येतं की, असं मी म्हणाले. तू म्हणालास, दार एका जागी असतं, कळप रोज नव्या जागी बसतो. त्या वाक्यातून ही क्लिप आली. म्हणून तुझं नाव निघत नाही.

आता फेब्रुवारीतला बदल. तोपर्यंत ताणलेल्या तारेवरची क्लिप उघडायला दोघं लागायचे. एकानं तार आत ओढून धरायची, दुसऱ्यानं जीभ उचलायची. आपण दोघं होतो, त्यामुळं ही उणीव आहे असं कधी वाटलं नाही. तू गेल्यावर मी एकटी पडले आणि तार धरायला कुणी नव्हतं. बन्सीला हाक मारता आली असती. मारली नाही. त्याऐवजी क्लिपच्या बुडाला एक भोक पाडलं. त्यात साधा लोखंडी दांडा घालून तरफेसारखा रेटला की तार आत येते, आणि मोकळ्या हाताच्या अंगठ्यानं जीभ उचलता येते. डायमध्ये बदल अगदी थोडा होता. वजन वाढलं नाही, पकड कमी झाली नाही. सोमवारी मी हीच क्लिप एकटीनं उघडली तेव्हा जालन्याच्या गृहस्थांनी टाळी वाजवली. कोणत्याही मापानं ही क्लिप आधीच्या क्लिपपेक्षा सरस आहे. मला ती आवडत नाही. याला तांत्रिक कारण नाही.

त्या गृहस्थांबद्दल गैरसमज करून घेऊ नकोस. माणूस सरळ आहे. त्यांच्या प्लॉटांवरून तारा चोरीला जातात, बियाणं तुडवलं जातं, शेतकरी त्यांना जाब विचारतात. त्यांना न उघडणारी क्लिप हवी, यात चूक काही नाही. पण त्यांचे प्लॉट जालन्यापासून कन्नडपर्यंत पसरलेत, कळपांच्या वाटांवरच. आपली क्लिप तोंड शिवून त्या सगळ्या वाटांवर बसली असती, आणि खाली कोपऱ्यात तुझं नाव असतं.

आप्पासाहेबांना ही ऑर्डर हवी होती. शेड त्यांची, प्रेस त्यांची, आणि प्रेस आठवड्यातले निम्मे दिवस झाकून ठेवलेली असते. ते मला समजावत होते, ‘पोरी, जीभ क्लिपची बंद करायचीय, तुझी नव्हं. एवढं काय जीवाला लावून घेतीस?’ बन्सी लेथवरून म्हणाला, ‘साहेब, ताईंची बंद व्हनार आसंल तर मी फुकट रिव्हेट मारून देतो.’ सगळे हसले, मीही हसले. काल सकाळी मी जालन्याला कळवून टाकलं : या ड्रॉइंगवर रिव्हेट मारता येणार नाही. उघडणारी क्लिप हवी असेल तर कळवा, नको असेल तर दुसरी कुणाची घ्या. त्यांचं उत्तर आलेलं नाही, येईल असंही वाटत नाही. आप्पासाहेब माझ्याशी बोलत नाहीत. बन्सीनं चेष्टा थांबवली आहे, ते जास्त जड जातं. शेड चालली नाही तर मलाही दुसरीकडं काम बघावं लागेल. तुला न विचारता उत्तर दिलं, कारण तू काय म्हणाला असतास ते मला माहीत होतं. तेव्हा क्लिपबद्दल विचारण्यासाठी हे पत्र नाही.

सोमवारी खरेदीदार गेल्यावर नाना आणि मी तुटलेल्या तारेची भेंडोळी करत होतो. नाना म्हणाले, ‘हातातलं काम असं लोंबकळत का ठिवलंस? सोनाजीच्या पोराला इचारल्याबिगर तुझं पान हालत नाय का?’ मी म्हणाले, नाही हलत. आणि मग म्हणाले, मी त्याच्याशी लग्न करणार आहे. मापं सांगावीत तशा आवाजात म्हणाले, कारण दुसरा आवाज निघेना. आपल्यात असं बोलणं कधीच झालेलं नाही, हे मला ठाऊक आहे. नाना आता जातीचं काढतील, भावकीचं काढतील, काठी उचलतील, अशा सगळ्याची मी तयारी ठेवली होती. ते बांधावर बसले. हातातल्या भेंडोळ्याचं टोक त्यांनी आत खोचलं. मग म्हणाले, ‘त्याला इचारलंस का?’ मी म्हणाले, नाही. तर म्हणाले, ‘शाबास! मंग आधी त्याला इचार की. का त्ये बी मीच जाऊन इचारू?’ हे रागानं होतं की कसं, मला कळलं नाही. त्यांनी होकार दिलेला नाही, आणि घरी आल्यावर ते जेवलेही नाहीत. पण विचार म्हणाले, आणि ते बरोबर आहे, म्हणून विचारते आहे. माझ्याशी लग्न करशील का? मेंढरं सोडून ये असं मी म्हणत नाही. शेड, कळप, बानामावशी, नाना हे सगळं एकत्र कसं बसवायचं, ते मला अजून काढता आलेलं नाही. चार दिवस तेच करते आहे. तुझ्या मनात नसेल तर तसं स्पष्ट लिही, कारणं देऊ नकोस. वीस तारखेला नाना शहरात येत आहेत आणि चपला काढायच्या आत मला तेच विचारतील. सोमवार, १९ एप्रिलपर्यंत मला उत्तर मिळेल असं कर. कार्ड पुरेल.

एकोणिसापर्यंत तरी तुझीच,
वैजयंता