रुख्मिणीच्या कवेलूंखाली एक उन्हाळा

मी, उत्तमराव वल्द गणपतराव चिंचोलकर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, राहणार बोथ, जिल्हा आदिलाबाद, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे, गुडघे सोडले तर शरीरही ठीक आहे, आणि पुढचा मजकूर कोणाच्याही दडपणाखाली लिहिलेला नाही. वकीलसाहेबांनी कच्च्या मसुद्यावर जागोजागी ‘हे वगळावे’ असे पेन्सिलीने लिहिले होते. मी वगळलेले नाही.

कलम १. बोथच्या शिवारातली जमीन आणि बँकेत माझ्यामागे जे काही शिल्लक राहील ते, माझी मुलगी तेजस्विनी, मुक्काम नागपूर, हिला द्यावे. आईच्या शेवटच्या दुखण्यात नोकरी सांभाळून दवाखान्यात तीच राहिली. आईच्या साड्या तिने आधीच नेल्या आहेत. हिरवी इरकल मात्र माझ्याकडे आहे. ती मी असेपर्यंत मागू नये.

कलम २. राहते घर. हे स्वकष्टार्जित आहे. त्याची हकीकत सांगितल्याशिवाय त्याची वाटणी कोणाला समजणार नाही, म्हणून लिहितो.

नोकरीची सगळी वर्षे आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये काढली. वर स्लॅब, खाली स्लॅब. आमच्याकडचा मे महिना सर्वांना ठाऊक आहे. रात्रीसुद्धा गादी चटका देई. माझी पत्नी रुख्मिणी संध्याकाळी गच्चीवर बादल्यांनी पाणी ओतून यायची आणि म्हणायची, “आपल्या घरी मले डोक्यावर सिमेंट नोको. रोज भाजून राह्यलो आपण. भाकरी आहोत का?”

निवृत्तीनंतर जागा घेतली तेव्हा तिने शब्द खरा केला. इचोड्याला पत्र्याच्या दुकानात आम्ही गेलो. दुकानदार म्हणाला, “माताजी, पचास साल कुछ नहीं होगा.” बाहेर येऊन ती मला म्हणाली, “पन्नास साल तापन, असं सांगून राह्यला तो.” त्या सुमारास आसपासच्या गावांत लोक जुनी छपरे उतरवून स्लॅब टाकत होते आणि कवेलू, म्हणजे मातीची भाजलेली कौले, उकिरड्यावर जात होते. रुख्मिणी ऑटो करून गावोगाव फिरली. “फेकू नोका, आमी नेतो,” एवढेच म्हणायची. लोक हसायचे आणि द्यायचे. नवे कवेलू भाजायला भट्टी लागते, भट्टीला झाड लागते. भाजलेले असताना पुन्हा काऊन भाजायचे, असा तिचा हिशेब. लाकूड आम्ही मोडलेल्या शाळेच्या लिलावातले घेतले. त्यावर बांबू, बांबूवर कवेलू. पहिल्याच उन्हाळ्यात तिने दुपारी अंगावर चादर ओढून घेतली आणि विजयी चेहऱ्याने माझ्याकडे पाहिले.

घरातली जमीन मात्र करायची राहिली होती. चकाकणारी टाइल तिला नको होती. पांढरी माती, चुना, गुळाचे पाणी आणि हिरड्याचा काढा कालवून केलेली, दगडाने घोटलेली, वर जवसाचे तेल पाजलेली जमीन तिच्या आजोळी होती. ते काम पंढरी गवंडी यांनी पत्करले. काम सुरू झाले आणि तिचे दुखणे निघाले. नागपूरला भरती करावे लागले.

एकदा दवाखान्यातून दोन दिवसांची सुट्टी मिळाली म्हणून तिला घरी आणले. मधल्या खोलीची जमीन नुकतीच घोटून झाली होती, ओली होती, तेल अजून लागायचे होते. उंबऱ्यापाशी खुर्ची ठेवून तिला बसवले. ती खूप वेळ पाहत राहिली. मी म्हणालो, “चाल एकदा. पाय उमटले तर उमटू दे.” पंढरीही म्हणाले, “चाला बाई, मी पुन्हा घोटून देतो.”

ती म्हणाली, “नाही जी. इतकी चांगली झाली, खराब काऊन करायची? सुकू द्या. पुढच्या खेपेले चालीन.”

पुढची खेप झाली नाही.

त्या जमिनीवर मी सहा वर्षे चालतो आहे. आता ती आरशासारखी झाली आहे. सकाळी अनवाणी उतरलो की तळव्यांना गारवा लागतो, आणि रोज वाटते की हा गारवा तिचा होता, चुकून मला मिळाला.

कलम ३. घर शाकारायची शिडी, घोटायचे दगड आणि उरलेला चुना पंढरी यांना द्यावा. दर वर्षी पावसाआधी ते न बोलावता येतात आणि फुटके कवेलू बदलून जातात.

कलम ४. माझा धाकटा भाऊ मारोतराव. वास्तुशांतीला भरल्या पंगतीत तो म्हणाला होता, “पेन्शन खाऊन दादा मातीत लोळून राह्यला.” रुख्मिणीच्या हातातला वाढायचा डाव थांबला होता, हे मी विसरलेलो नाही. हाच मारोतराव गेली काही वर्षे मे महिन्यात जेवण झाले की स्वतःचे स्लॅबचे घर सोडून माझ्या ओसरीवर येऊन घोरतो. त्याचा हा झोपण्याचा हक्क माझ्यानंतरही तहहयात कायम राहील. पंगतीतले बोलणे मागे घेण्याची अट मी घातली होती, ती वकीलसाहेबांच्या नव्हे, माझ्याच विचाराने काढली आहे.

कलम ५. घर माझा मुलगा जयदीप, मुक्काम हैदराबाद, याला द्यावे. मागच्या दिवाळीत तो इंजिनिअरला घेऊन आला. छप्पर काढून स्लॅब, वर भाड्याचा मजला, खाली टाइल, असा नकाशा होता. आमचे मोठ्याने बोलणे झाले. शेवटी तो म्हणाला, “बाबा, आई गेली. कवेलूत आई नाहीये.” ते खरे होते. पण रात्री त्याने अंथरूण मधल्या खोलीत टाकले, चटई न घेता, हेही मी पाहिले.

म्हणून अट एवढीच. काहीही पाडण्याआधी जयदीपने या घरात एक पूर्ण उन्हाळा राहावे, होळीपासून मृगापर्यंत, एसी न लावता. त्यानंतर त्याला जे पटेल ते त्याने करावे. स्लॅब टाकला तरी माझी हरकत नाही.

कलम ६. हे सर्व जयदीपला फोनवर वाचून दाखवले. तो म्हणाला, “तुम्ही गेल्यावर एकटा राहून मी काय करू त्या घरात? यंदा होळीलाच येतो. काम लॅपटॉपवर होईल. तुम्ही आहात तोवर राहतो ना.”

वकीलसाहेब म्हणतात, अशा तोंडी बोलण्याची मृत्युपत्रात नोंद होत नाही. मी नोंद केली आहे. त्यानुसार, कलम ५ मधली अट माझ्या हयातीत, माझ्यासमोर पूर्ण झाल्यास ती फिटली असे समजावे. मी खोली झाडून ठेवली आहे.

वाचून, समजून, राजीखुशीने सही केली.

उत्तमराव ग. चिंचोलकर

आम्हा दोघांसमोर त्यांनी सही केली व त्यांच्यासमोर आम्ही केली:
१. हेरंब वामनराव ढवळे, निवृत्त शिक्षक, बोथ
२. सुनयना बाबाराव इंगळे, शेजारी, बोथ

मुक्काम बोथ, दिनांक २ मार्च २०२५