देसांकामावशीच्या खोलीतली हवा

१२ जानेवारी
व्रशात्स शहरात पोहोचले, आणि आल्या आल्या घरमालकिणीने खसखशीचा रोल पुढे केला. तीन वर्षांच्या बेकारीनंतर नोकरी! कोट शिवायचा कारखाना, एका खोलीत अकरा बायका. परदेशी गिऱ्हाइकाने अट घातली म्हणून मालकाने मला नेमलं. खोलीतली हवा चांगली राहते ना, एवढंच बघायचं आणि वहीत नोंदवायचं. मागच्या पानांवर ही रोजनिशी. कोपऱ्यात खोली तापवणारा गॅसचा बंब, त्याच्यामागे भिंतीत झरोका, आणि झरोक्यात कोंबलेल्या चिंध्या. मी हसतच उपसल्या.

१३ जानेवारी
चिंध्या पुन्हा जागेवर. इथे राज्य देसांकामावशीचं. तीस वर्षं याच खोलीत, गळ्याला कायम लोकरी रुमाल. तिने सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी काढली. प्रोमाया, म्हणजे आरपार जाणारा वाऱ्याचा झोत, माणसाची मान धरतो, मूत्रपिंडं खातो, एवढंही आईने शिकवलं नाही का, म्हणे. शिकवलं होतं. आई अजून बसमध्ये उघड्या खिडकीवरून भांडते. पण बंबाला हवा मिळाली नाही तर विषारी वायू होतो, त्याला वास नसतो, माणूस बसल्या जागी जातो, हे मी समजावलं आणि तो वायू साठला की वाजणारी बॅटरीची घंटा भिंतीवर बसवली. "शिकलीय भरपूर, पण डोक्यात वारा शिरलाय," मशीनवरची रादिंका म्हणाली. अकराजणी खदाखदा हसल्या.

१५ जानेवारी
मी उपसते, त्या कोंबतात. आज तर झरोक्यावर फळी ठोकली होती. उचकटून काढली. दुपारी माझा डबा कचऱ्यात सापडला. रादिंकाची पाठ धरली, तीही म्हणे माझ्यामुळेच. मालक म्हणाला, जमवून घे, नाहीतर मी दुसरी बघतो. फार संताप आला.

१७ जानेवारी
कोशावा, इथला तो बोचरा वारा, सुटलाय, बंबाच्या धुराड्यात नुसता घोंगावतोय. सकाळी माझीच मान अडकली. बायका जिंकल्यासारख्या बघत होत्या. मग देसांकामावशी उठली. मानेला राकिया, फळांची कडक दारू, चोळली, स्वतःचा रुमाल माझ्या गळ्यात बांधला. "अगं पोरी, आम्ही काय तुझ्या वाईटावर आहोत?" मला रडूच आलं. इथे आल्यापासून पहिल्यांदा कुणी मायेने हात लावला होता.
झरोका मीच बुजवला. वारा पडेपर्यंतच. बंब गेल्या महिन्यात तपासलाय.

जेवणानंतर
मला कॉफी दिली, मधे बसवून घेतलं. तेवढ्यात घंटा वाजायला लागली. वारा धुराड्यातून धूर उलटा ढकलत असणार — झरोका उघडायला हवा — पण सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मावशीचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा —
घंटेची बॅटरी काढली. पाच मिनिटांपुरती.

तीन वाजता
डोकं ठणकतंय. रादिंकाचे गाल किती लाल. छान दिसतेय. शिवतेय तिरकं, पण —
काहीतरी करायचं होतं मला.

केव्हातरी
सगळ्यांनी मशीनवर डोकी टेकलीत. मावशीचा पाय पॅडलवर, मशीन चालूच — सुई तिच्या बोटांतून — ती ओरडत नाही —
मी केलं हे. मीच.
खिडकी सहा पावलांवर.
उठले. गेले. कडी काढली, गार वारा तोंडावर, मावशी खोकली, जिवंत —
नाही.
वही मांडीवरच आहे. पेन हातात.
आता उठते. हे बघ, उठले, एक पाऊल, दोन —
अजून लिहि