पेटला का, अब्बा?

अब्बा, आज एका जुन्या पिकअपच्या स्टिअरिंगखाली पाठीवर पडलो होतो आणि तुमचा दिवा बाहेर दाराला लटकत होता. तोच साधा बल्ब, एक चिमटा गाडीच्या पत्र्याला आणि लांब वायरचं दुसरं टोक माझ्या हातात. जोडावर तुम्ही गुंडाळलेली काळी टेप उन्हाने चिकट झाली आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण ती टेप मी बदलत नाही.

तुमचा नियम होता, बिघाड शोधणारा स्कॅनर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावण्याआधी त्या सॉकेटच्या कुठल्या पिनमध्ये करंट येतोय ते दिव्याने बघायचं. शारजातल्या जुन्या गाड्यांच्या वायरींना नाही नाही त्यांचे हात लागलेले असतात; प्लस आणि अर्थिंगची अदलाबदल झाली असेल तर महागडं मशीन क्षणात खलास. तुमचे गुडघे वाकत नव्हते, म्हणून मी खाली आणि तुम्ही बाहेर, चहा घेऊन. मी टोक टेकवून विचारायचं, "पेटला?" आणि तुम्ही सांगायचं. एकदा मी वैतागून म्हटलं, मान वाकडी केली की मलाही दिसतो, विचारायचं कशाला? तुम्ही कप बोनेटवर ठेवलात. "ज्याने चुकीची वायर जोडली, त्यानेही एकट्यानेच बघितलं असणार. तू दुसऱ्याला विचार." मग दिवसभर अबोला. त्यातही "पेटला" तेवढं सांगत होतात.

आज अर्थिंगच्या पिनला टोक लावलं आणि सवयीने विचारलं, "पेटला, अब्बा?" बाहेर कोणी नव्हतं. आमच्या गॅरेजचा पठाण मिस्त्री नमाजाला गेला होता. तुमची फार आठवण आली. मग मान वाकडी करून बघितलं. पेटला होता, जिथे पेटायला नको तिथेच. कोणीतरी ट्रॅकर बसवताना वायरी उलट्या जोडल्या होत्या. मशीन वाचलं.

तुमच्या नातीने, माझ्या मुलीने, मला वाढदिवसाला एक डबी दिली आहे. सॉकेट आणि स्कॅनरच्या मध्ये बसते. वायर उलटी असली तर करंट आपोआप तोडते. अल मजाजच्या घरी पोचलो की ती विचारते, "अब्बा, आर यू यूजिंग इट?" मी म्हणतो, नव्या वस्तूंचा भरवसा नाही बेटा. ती मान हलवते.

हे पत्र टूलबॉक्समध्ये तुमच्या दिव्याखाली ठेवतोय. डबी उत्तम चालते, अब्बा, मी लावून बघितली आहे. पण ती लावली की तुम्हाला विचारायचं कारण उरत नाही.