तारा शांत आहे

२ ऑक्टोबर १९८३, लाखनी
आजपासून डोळ्यांनी तारे पाहणं बंद. माझी स्वयंचलित दुर्बीण तयार झाली. टेबलफॅनची मोटर, गजराचं घड्याळ, कॅमेरा. रोज संध्याकाळी सातला हंस तारकासमूहातल्या आपल्या ताऱ्याचा फोटो ती स्वतःच काढेल. हा तारा एरवी मंद, पण मधूनच एका दिवसात भडकतो. त्याची पहिली बातमी मुंबईच्या निरीक्षक मंडळाला माझ्याकडून जाणार. मंडळाच्या मासिकात नाव छापून येणार. शाळेत हेडमास्तरांसमोर तो अंक ठेवायचा, एक शब्द न बोलता.

९ ऑक्टोबर
अड्याळला गेलो. धनीराम, माझा जुना विद्यार्थी, तिथे सायकली दुरुस्त करतो. माझी जुनी बायनॉक्युलर त्याला दिली आहे. तारा मंद असताना तिच्यातून दिसतच नाही, तरी हा रोज पाहतो आणि वहीत 'दिसला नाही' असं लिहितो. चिकाटी आहे, डोकं नाही.

२८ ऑक्टोबर
दोन रोल भरल्यावरच एकदम धुवायला नागपूरला पाठवीन. तोवर गणित आहे. मागच्या भडक्यांच्या तारखांवरून पुढचा भडका ५ डिसेंबरला. म्हणून मंडळाला रोजचं निरीक्षण 'शांत' असं कळवतो. बायको निर्मला म्हणाली, न पाहता कसं लिहिता? तिला सायन्स कळत नाही.

१६ नोव्हेंबर
धनीरामचं कार्ड. 'गुरुजी, १४ तारखेले तारा दिसला. मंडळाले कळवू का?'
ताबडतोब उत्तर टाकलं. गणितात बसत नाही, काचेवर दव असेल, कळवू नकोस, माझी बदनामी होईल.
गच्चीवर जाऊन पाहणार होतो. पण यंत्र कशाला केलंय?

५ डिसेंबर
मंडळाला 'भडकला' असं कार्ड सकाळीच टाकलं. संध्याकाळी पोस्टात गर्दी असते.

१९ डिसेंबर
मंडळाचा अंक आला. तारा नोव्हेंबरातच भडकला होता. पहिली नोंद सोलापूरच्या कुणाची तरी, १५ तारखेची. आलेखात सगळ्यांचे ठिपके वर, एकच खाली. त्याच्याजवळ माझं नाव. छापून आलं.

२७ डिसेंबर
रोल धुऊन आले. १४ नोव्हेंबरच्या फोटोत तारा ठळक! यंत्र यशस्वी. निर्मलाला बोलावून दाखवलं.
ती म्हणाली, "धनीरामले दिसला, यंत्राले दिसला. तुम्ही काहून नाही पाह्यलं?"
फोटोखाली तारीख आणि 'स्वयंचलित दुर्बीण' असं ठळक लिहिलं.

३ जानेवारी १९८४
एस.टी.च्या कंडक्टरबरोबर बायनॉक्युलर परत आली. सोबत धनीरामची वही. चिठ्ठी नाही. पानोपान 'दिसला नाही'. १४ नोव्हेंबरला 'दिसला', खाली दोन रेघा. मग ते खोडून बारीक अक्षरात, 'गुरुजी म्हणतात, दव.'
पुढची पानं कोरी आहेत.